डोळ्यांवर चमकी लावायची साधनं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नसराई आली, किंवा दिवाळीनंतर वडसा-ब्रह्मपुरीकडे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागला, की पार्लर शिकणाऱ्या मुलींपासून नवरीच्या बहिणीपर्यंत सगळ्यांचे प्रश्न ग्लिटरपाशी येऊन थांबतात. लागत नाही, टिकत नाही, गालभर सांडतं, डोळ्यात टोचतं. बहुतेक वेळा दोष ग्लिटरला दिला जातो आणि आणखी महागाची डबी आणली जाते. माझं सांगणं एवढंच, की डबी बदलण्याआधी हातातलं साधन बघा. चमकीचा प्रत्येक कण म्हणजे एक चपटी चकती असते, आणि तिच्यासाठी बनवलेली साधनं या एका गोष्टीवरूनच आकाराला आलेली आहेत. म्हणून खाली काय करायचं यासोबत ते का करायचं हेही लिहिलं आहे.

आयशॅडोचा चांगला ब्रश आहे. त्यानं ग्लिटर का लागत नाही?

आयशॅडोचे कण फार बारीक असतात. मॅट रंगाचा कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहून लहान, आणि मोत्यासारखी झाक देणारा अभ्रकाचा कण त्याच्या दहा ते पन्नास पट. बकरीच्या किंवा खारीच्या केसांवर सूक्ष्म खवले असतात. पावडर त्या खवल्यांना धरून राहते आणि ब्रश पापणीवर फिरवला की थोडी थोडी सुटते. आयशॅडोचा मऊ, फुगीर ब्रश याच कामासाठी बनला आहे.

डोळ्यांसाठीच्या ग्लिटरची चकती साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षा मोठी. खवल्यांत ती मावत नाही. केसांच्या टोकांवर नुसती आडवी बसते आणि हात हलला की घसरून गालावर पडते. जी पापणीपर्यंत पोचते तीही घासल्यामुळे तिरपी उभी राहते, आणि तिरपी चकती उजेड भलतीकडेच फेकते. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावताना आपण बघतोच की, सपाट दाबून बसवलेलं बेगड पार वेशीपासून लखलखतं आणि सुरकुत्या पडलेलं मळकट दिसतं. पापणीवर नेमकं हेच होतं, फक्त फार लहान आकारात.

तेव्हा ग्लिटरच्या कोणत्याही साधनाला तीन कामं जमली पाहिजेत: चकती उचलणं, वाटेत न सांडणं, आणि पापणीवर सपाट दाबून सोडून देणं. पुढची सगळी साधनं याच तीन कामांवर पारखा.

ही चमकी बनते तरी कशाची?

बहुतेक ग्लिटर पीईटी नावाच्या प्लास्टिकचं असतं, म्हणजे पाण्याच्या बाटलीचंच प्लास्टिक, पण अगदी पातळ कागदासारखं ओढलेलं. त्यावर ॲल्युमिनियमचा सूक्ष्म थर चढवतात, वर रंगाचा थर देतात आणि मग यंत्रावर षटकोनी तुकडे कापतात. षटकोन एकमेकांना खेटून बसतात, मध्ये जागा वाया जात नाही, म्हणून तो आकार. आजच्या यांत्रिक ग्लिटरचं श्रेय अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या हेन्री रशमन या यंत्र-कारागिराला दिलं जातं. वर्ष सांगतात १९३४. त्याआधी शतकानुशतकं चमकायचं काम अभ्रक करत होतं. आपल्याकडे गुलालात आणि रांगोळीत ते अजूनही सापडतं.

मग ग्लिटरचा ब्रश वेगळा कसा असतो?

चपटा, आखूड केसांचा, दाट आणि कृत्रिम धाग्याचा. चारही गोष्टींना कारण आहे.

कृत्रिम धागा गुळगुळीत असतो, तो चमकीखाली लावायचा चिकट बेस पिऊन घेत नाही. नैसर्गिक केस बेस शोषतात, एकमेकांना चिकटतात आणि चकत्या आतल्या आत अडकून बसतात. केस आखूड असले की ते वाकत नाहीत, त्यामुळे बोटाचा दाब थेट पापणीपर्यंत पोचतो. दाटपणामुळे टोकांचा एक सलग सपाट पृष्ठभाग तयार होतो. विरळ ब्रशमध्ये चकती केसांच्या फटीत शिरते आणि उभी राहते. आणि चपटा आकार येतो तो केस धरून ठेवणाऱ्या धातूच्या नळीमुळे. ती नळी गोल ठेवली की ब्रश फुगीर होतो, यंत्रात दाबून चपटी केली की केस पंख्यासारखे एका ओळीत येतात.

विकत घेताना दुकानातच तीन गोष्टी करून बघा. मनगटाच्या आतल्या बाजूला ब्रश उभा टेकवून हलकेच दाबा. टोचला तर ठेवून द्या, कारण पापणीची कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची, अंगावरची सगळ्यात पातळ. मग केस दोन बोटांत धरून हळूच ओढा. दोन-चार हातात आले तर तो ब्रश लग्नाच्या दिवशी नवरीच्या डोळ्यात केस सोडणार. शेवटी दांडी आणि नळीचा जोड हलवून बघा. तिथे डुगडुग असेल तर आतला डिंक कच्चा आहे आणि दोन-तीन धुण्यांत डोकं सुटून येईल.

सिलिकॉनची चपटी काडी म्हणजे काय? ती खरंच कामाची आहे का?

माझ्या मते ग्लिटरसाठी आजवर बनलेल्या साधनांत हे सगळ्यात विचार करून बनवलेलं आहे. टोकाला मऊ सिलिकॉनची लहानशी पट्टी असते, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने थोडी फुगीर, कडा गोल. काहींचं टोक तिरपं कापलेलं असतं, म्हणजे नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा आणि पापणीची घडी दोन्हीकडे पोचता येतं.

सिलिकॉनला छिद्रं नसतात. बेस, डिंक, जेल काहीच आत मुरत नाही, त्यामुळे जेवढं उचललं तेवढं जवळजवळ सगळं पापणीवर उतरतं. ब्रशमध्ये बराच माल केसांच्या मुळाशी अडकतो आणि धुताना वाया जातो. दुसरं म्हणजे सिलिकॉन दाबलं की पापणीच्या गोलाईप्रमाणे किंचित वाकतं आणि दाब सारखा पसरतो. आत डोळ्याचा गोळा आहे हे लक्षात ठेवूनच त्याचा मऊपणा ठरवलेला असतो. फार मऊ असेल तर पट्टी दुमडते आणि चकत्या बसत नाहीत. फार कडक असेल तर डोळ्याला रेटा बसतो. चांगली पट्टी बोटाने दाबली की वाकते आणि सोडली की लगेच सरळ होते. स्वस्तातल्या काही काड्यांवर साच्याची शिवण राहिलेली असते, कडेला बारीक उंचवटा लागतो. नखाने चाचपून बघा. ती शिवण पापणीवर ओरखडे काढते.

वापरायची रीत साधी आहे. सपाट बाजूला बेसचं अगदी हलकं बोट लावा, डबीत टेकवा, काडी डबीच्या कडेवर एकदा हलके आपटून सैल चकत्या झटका, मग पापणीच्या मध्यावर ठेवून दाबा आणि सरळ वर उचला. ओढू नका. मध्यापासून सुरुवात करून दोन्ही कोपऱ्यांकडे जा, कारण पहिल्या दाबाला सगळ्यात जास्त चमकी उतरते आणि ती मध्यावरच हवी असते.

हिची एक कमतरता आहे. कडा विरवायचं काम सिलिकॉनला जमत नाही. चमकी जिथे संपते तिथे ठळक रेघ दिसते. म्हणून एका टोकाला सिलिकॉन आणि दुसऱ्या टोकाला लहान चपटा ब्रश अशी दुहेरी काडी मिळाली तर तीच घ्या.

ताई, बोटानं लावलं तर चालते का?

चालते. बोट गरम असतं, बेस थोडा सैल करतं, आणि बोटाचा गोळा पापणीवर छान बसतो. दाबही बरोबर कळतो. अडचण दोन ठिकाणी येते. बोट पापणीच्या मानाने मोठं आहे, त्यामुळे चमकी भुवईच्या हाडापर्यंत जाते. आणि बोटावर राहिलेली चकती मग कपाळावर, पदरावर, मोबाइलवर, शेवटी पुन्हा डोळ्यात. हात साबणाने धुऊन, नख कापून, करंगळीशेजारच्या बोटाने लावा. त्या बोटाचा जोर कमी असतो म्हणून डोळ्याजवळ तेच बरं. दुसऱ्या बाईच्या डोळ्यांना मात्र बोट लावू नका.

डबीसोबत स्पंजची छोटी काडी येते, ती फेकायची का?

फेकू नका, एकदा वापरायला ती चांगली आहे. स्पंजचा पृष्ठभाग खडबडीत असतो, चकत्या धरून ठेवतो, आणि दाबला की सोडतो. पण तोच स्पंज बेस पितो, आणि आत गेलेलं काही पूर्ण धुऊन निघत नाही. ओलसर स्पंजात जंतू वाढतात. एका बाईला एक काडी, मग कचऱ्यात.

लिक्विड ग्लिटरच्या नळीत जी काडी असते तिच्यात विशेष काय?

तिच्यात बरीच कारागिरी आहे आणि कोणी बघत नाही म्हणून थोडं सविस्तर सांगते.

टोकावर मखमलीसारखा स्पर्श लागतो तो नायलॉनच्या अगदी आखूड धाग्यांचा. टोकाला डिंक लावून विजेच्या क्षेत्रात हे धागे सोडतात, तेव्हा ते सगळे उभे राहून डिंकात रुततात. या उभ्या धाग्यांच्या जंगलात पातळ जेल धरून राहतं आणि जेलसोबत चकत्याही. टोक हरणाच्या खुरासारखं तिरपं कापलेलं असतं, कारण पापणी सपाट नाही; तिरप्या बाजूने रुंद पट्टा येतो आणि टोकाने बारीक रेघ.

आता नळीच्या तोंडात डोकावून बघा. आत एक रबरी किंवा प्लास्टिकची चकरी बसवलेली असते. काडी बाहेर येताना ती चकरी जास्तीचा माल पुसून आत ठेवते. लिपग्लॉसमध्ये ही चकरी घट्ट असते. ग्लिटरमध्ये ती सैल ठेवावी लागते, नाहीतर मोठ्या चकत्या काडीवरून खरवडल्या जातात आणि बाहेर नुसतं पारदर्शक जेल येतं. लिक्विड ग्लिटर घेतलं, पण चमकतच नाही, ही तक्रार बऱ्याचदा इथून येते. दुसरं कारण असं की चकत्या जड असतात, तळाशी बसतात. वापरण्याआधी नळी आडवी धरून तळहातांत फिरवा. काडी वरखाली उपसू नका. त्याने आत हवा जाते आणि जेल वाळतं.

ग्लिटर लाइनर स्केचपेनासारखं का मिळत नाही?

स्केचपेनाच्या टोकात सूक्ष्म नळ्यांसारख्या वाटा असतात, त्यांतून पातळ शाई झिरपते. चकती त्या वाटांपेक्षा मोठी, तिथेच बूच बसतं. म्हणून ग्लिटर लाइनर लांब, बारीक केसांच्या ब्रशसोबत येतं. केस लांब असल्यामुळे चकत्या त्यांच्या अंगावर बसून रेघेसोबत उतरतात.

मोठ्या चकत्या, चांदण्या, खडे कशाने बसवायचे?

तिथे ब्रश आणि सिलिकॉन दोन्ही बाजूला ठेवा. ०.४ मिलिमीटरच्या पुढची चकती एकेकटी बसवावी लागते. बोथट टोकाचा चिमटा घ्या, किंवा मेणाचं टोक असलेली पेन्सिल, जिला खडा हलकेच चिकटून येतो आणि डिंकावर टेकवला की सुटतो. टोकदार चिमटा डोळ्याजवळ नको. समोरची व्यक्ती शिंकली तरी हात मागे घेता येईल असं कोपर टेकवून बसा.

दांडी लांब हवी की आखूड?

आरशात बघून स्वतःला लावत असाल तर आखूड. लांब दांडी आरशाला आपटते आणि मान मागे घ्यावी लागते. दुसऱ्याला लावत असाल तर लांब, म्हणजे तुमच्या हाताची सावली पापणीवर पडत नाही. पेन्सिलसारखी अगदी टोकाजवळ धरली की दाब वाढतो, मध्ये धरली की हलका होतो.

खाली चिकट काय लावायचं? व्हॅसलीन चालेल का?

व्हॅसलीन नको. ते कधी वाळतच नाही. त्यावर चकत्या तरंगत राहतात, आणि ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की चमकीसकट गालावर उतरतं. खोट्या पापण्यांचा डिंक काही जणी वापरतात. त्यात बऱ्याचदा लॅटेक्स असतं, काहींच्या पापण्या त्याने सुजतात, आणि पूर्ण पापणीवर वाळला की कातडी ओढली जाते. कागदाचा किंवा शिवणकामाचा डिंक तर डोळ्याजवळ आणूच नका.

ग्लिटरसाठी वेगळा बेस मिळतो. तो लावला की अर्ध्या-एक मिनिटात पातळपणा जातो आणि बोटाला चिकट लागेल असा राहतो. तो क्षण ओळखणं ही खरी कला आहे. ओला असताना चमकी लावली तर ती बुडते आणि बेसच्या थराखाली मंद दिसते. वाळल्यावर लावली तर धरत नाही. बोटाचं टोक टेकवून बघा: ओढ लागली पण बोटावर काही आलं नाही, की लावा. आणि बेस एकदम दोन्ही डोळ्यांना लावू नका. दुसऱ्या डोळ्यापर्यंत पोचेस्तोवर तो वाळलेला असतो, विशेषतः उन्हाळ्यात.

उन्हाळ्यातल्या लग्नात ग्लिटर उडून जातं. काय करावं?

आपल्याकडे एप्रिल-मेची हवा कोरडी खडखडीत असते. अशा हवेत नायलॉनच्या धाग्यांवर घासून वीज साचते, आणि चकत्या ब्रशवरून उडून भुवईवर, केसांवर जाऊन बसतात. ब्रश वापरण्याआधी ओलसर रुमालावर एकदा टेकवा. ओला करायचा नाही, नुसता दमट. एवढ्याने वीज उतरते.

कूलरचं तोंड मेकअपकडे नको. नवरीला गार वारं हवंच असतं, मान्य आहे, पण चमकी लावायच्या त्या पाच मिनिटांपुरता तरी तो दुसरीकडे फिरवा. चेहऱ्याचा घाम आधी टिपून घ्या, कारण ओल्या कातडीवर बेसच धरत नाही. लाइट गेली तर खिडकीजवळ बसा. एकाच बल्बखाली समोरून बघितलं की सगळं सारखंच चमकतं आणि मोकळ्या जागा दिसत नाहीत. मोबाइलचा टॉर्च बाजूने धरून समोरचीला डोळे मिटायला सांगा, राहिलेले डाग लगेच दिसतात.

झाडीपट्टीच्या नाटकासाठी वेगळी साधनं लागतात का?

लागतात, कारण अंतर वेगळं आहे. नवरीकडे लोक हातभर अंतरावरून आणि कॅमेऱ्यातून बघतात, तिथे ०.१ मिलिमीटरची बारीक चमकी सुंदर दिसते. नाटकाच्या मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत चमक पोचायची तर मोठी चकती हवी, आणि मोठ्या चकतीला जास्त चिकट बेस आणि मोठं सपाट टोक हवं. लावणीवर नाचणाऱ्या पोरींसाठी मी सिलिकॉनची रुंद पट्टीच सुचवते. प्रयोग रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. थंडीच्या दिवसांतही लाइटखाली आणि नाचून घाम येतोच, तेव्हा चमकी पापणीच्या घडीच्या वर नेऊ नका. घडीत घाम साचतो आणि तिथूनच ती सुटते.

रंगपटात एकच ब्रश सगळ्यांच्या डोळ्यांना फिरतो, ही गोष्ट मला खरोखर बोचते. एकाचे डोळे आले की आठवडाभरात सगळ्या कंपनीचे येतात. सिलिकॉनची काडी दोन कलाकारांच्या मध्ये साबणाने धुऊन, स्पिरिटच्या कापसाने पुसून, वाळवून वापरता येते. ब्रशला एवढ्या घाईत ते शक्य नाही. निदान ज्याची काडी त्याची, आणि दांडीवर रंगीत दोरा बांधून खूण. एवढं प्रत्येक कंपनीला जमण्यासारखं आहे.

बांगड्यांच्या दुकानात सुटी चमकी मिळते, ती डोळ्यांवर चालेल का?

नाही. इथे मी अजिबात सूट देणार नाही. मखराची, शुभेच्छापत्राची, रांगोळीची चमकी जाड कापलेली असते, कोपरे धारदार असतात, काहींत काचेचा चुराही असतो. तिचा रंग कातडीसाठी तपासलेला नसतो. अशी चकती डोळ्यात गेली आणि चोळली, तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा खरचटतो.

आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांना औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालचे २०२० चे नियम लागू आहेत. डबीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख छापलेली असली पाहिजे. वापरलेल्या रंगात शिशाचं प्रमाण दहा लाखात २० भागांपेक्षा जास्त चालत नाही. सुट्या पुडीवर यातलं काहीच नसतं, म्हणजे विचारायचं कोणाला? डबी असली तरी मागची ओळ वाचा. काही परदेशी ग्लिटरवर डोळ्यांच्या भागासाठी नाही असं स्पष्ट छापलेलं असतं.

तान्ह्या पोळ्याला पोरांना लावू का?

डोळ्यांवर नको. पोरं डोळे चोळतात, थांबवता येत नाही. गालावर किंवा कपाळावर जेलमधली बारीक, त्वचेसाठीची चमकी लावा.

पापण्यांच्या कडेपर्यंत लावलं तर जास्त छान दिसतं ना?

दिसतं, पण काजळ भरतो त्या आतल्या कडेवर कधीही नको. तिथे तेलाच्या बारीक ग्रंथींची तोंडं असतात, त्या तेलामुळेच डोळ्यातलं पाणी लवकर सुकत नाही. चकती तिथे बसली की प्रत्येक उघडझापीला डोळ्यावर घासते. केसांच्या मुळापासून थोडी जागा मोकळी सोडा आणि तिथे गडद लाइनर ओढा. चांगल्या काडीची कड गोल ठेवलेली असते ती यासाठीच, की ती केसांच्या रांगेला टेकून थांबावी.

आईची पापणी सुरकुतलेली आहे. तिला लावता येईल?

नक्कीच. फक्त बारीक चमकी घ्या, बेस पातळ द्या, आणि भुवईखाली बोटाने कातडी हलकेच वर धरून पापणीच्या मध्यावरच दाबा. सोडल्यावर घडीत गेलेली चमकी दिसणार नाही आणि मधली चमकेल. दोन्ही कोपऱ्यांत नेली तर सुरकुत्या उठून दिसतात.

चकती डोळ्यात गेली तर?

चोळायचं नाही, हा पहिला आणि सगळ्यात अवघड नियम. लेन्स असेल तर हात धुऊन काढा. स्वच्छ पाणी डोळ्यात ओता, उघडझाप करा, बहुतेक वेळा चकती कोपऱ्यात येते. चिमटा, पदराचं टोक, कापसाची काडी डोळ्याच्या आत घालू नका. टोचणं थांबलं नाही, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतं किंवा डोळा लाल राहतो, तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात किंवा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. लग्न आटोपल्यावर बघू असं नको.

गालावर सांडलेली चमकी कशी काढू? आणि रात्री सगळं उतरवायचं कसं?

फाउंडेशनच्या आधी डोळे करून घ्या, म्हणजे गाल पुसता येतो. आधीच झालं असेल तर मलमपट्टीची कागदी चिकटपट्टी घ्या, तिची चिकट बाजू हाताच्या पाठीवर दोनदा लावून जोर कमी करा, मग सांडलेल्या जागी टेकवून उचला.

उतरवताना कापसावर खोबरेल तेल घ्या, मिटलेल्या पापणीवर ठेवा आणि तीस-चाळीस आकडे मोजा. बेस सुटतो. मग वरून खाली एकदाच पुसा आणि कापूस बदला. तोच कापूस मागे-पुढे फिरवला की चकत्या पापणीवर ओरखडे काढतात. शेवटी साबणाने तोंड धुवा.

साधनं धुवायची कशी आणि ते पाणी कुठे टाकायचं?

धुण्याआधी कोरड्या कापसाने किंवा तेलाच्या बोटाने सगळी चमकी पुसून घ्या आणि तो कापूस कचऱ्यात टाका. नळाखाली धरलेली चमकी नालीतून नाल्यात, तिथून वैनगंगेत जाते. प्लास्टिक आहे, कुजत नाही. युरोपीय संघाने १७ ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक ग्लिटरच्या विक्रीवर बंधन आणलं, मेकअपमधल्या ग्लिटरला २०३५ पर्यंत मुदत दिली. झाडांच्या सेल्युलोजपासून बनवलेली चमकीही आता मिळते. ती मऊ असते आणि टोचत कमी, पण पाणीदार बेसमध्ये नरम पडते, म्हणून तिला कमी ओलसर बेस द्या.

सिलिकॉनला साबण आणि पाणी पुरे. ब्रश कोमट पाण्यात शाम्पूने धुवा, केस सतत खाली करून. पाणी नळीत शिरलं की आतला डिंक सुटतो. पिळू नका, रुमालात दाबा, आणि टेबलाच्या कडेवर केस बाहेर राहतील असा सावलीत आडवा वाळवा. आपल्या उन्हात कृत्रिम धागे वाकडे होतात. ग्लिटरचा ब्रश आयशॅडोच्या ब्रशांसोबत एकाच खोक्यात ठेवू नका. एक चकती जरी मॅट तपकिरी रंगाच्या ब्रशात गेली तरी ती पुढे प्रत्येक साध्या मेकअपमध्ये दिसत राहते.

पार्लर नुकतं सुरू करते आहे. पहिल्यांदा काय घेऊ?

दुहेरी सिलिकॉन काडी तीन-चार, एक चपटा कृत्रिम ब्रश, बोथट चिमटा, स्पंजच्या काड्यांचं पाकीट, ग्लिटरचा बेस आणि कागदी चिकटपट्टी. चमकीचे रंग दोनच: सोनेरी आणि चांदीचा. आपल्याकडच्या नवरीच्या पिवळ्या-लाल-हिरव्या सगळ्या साड्यांवर सोनेरी चालतं, आणि रिसेप्शनच्या थंड रंगांवर चांदीचा. गुलाबी-निळी डबी कोणी मागितल्यावर आणा.